वाफ्यापासून ताटापर्यंत

आमच्या शाळेच्या परसबागेचा कारभार माझ्याकडे कसा आला, ते आधी सांगितले पाहिजे. मी चित्रकलेचा शिक्षक. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, पुढे चित्रकलेच्या परीक्षा दिल्या आणि शाळेत लागलो. उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो, म्हणून सहकाऱ्यांचा असा समज की ह्या गृहस्थाजवळ वेळ नुसता पडून आहे. केंद्र सरकारने २०१९ साली शाळांतील पोषणबागांविषयी सूचना काढल्या. त्या एकेक पायरी उतरत आमच्या शाळेपर्यंत पोचल्या, तेव्हा गणिताच्या व विज्ञानाच्या गुरुजींनी आपापल्या अपुऱ्या राहिलेल्या अभ्यासक्रमाकडे बोट दाखवले आणि मुख्याध्यापकांनी माझ्याकडे. "भाज्या रंगीत असतात, आणि रंगांचे खाते तुमचे," असे ते हसत म्हणाले. मला नाही म्हणता आले नाही.

मध्ये करोनाच्या साथीने शाळा बंद पडल्या. खरी बाग लागली ती २०२२च्या पावसाळ्यात. जालना जिल्ह्यात, दुधना नदीपासून फार लांब नाही असे आमचे गाव आहे. शिवार काळ्या जमिनीचे, पण शाळेचे आवार नेमके मुरमाड. पालकांनी दोन गाड्या माती आणि एक गाडी शेणखत आणून टाकले. हात आणि ताटल्या धुतलेले हातपंपाचे पाणी मुलांनी चर काढून वाफ्यांत सोडले. मेथी, पालक, चुका, गवार, वांगी, कुंपणावर दोडका आणि कोपऱ्यात शेवगा. प्रत्येक वाफ्याला मी मुलांच्या नावांची पाटी रंगवून दिली. एवढी एकच गोष्ट मला येत होती.

मेथी महिन्याच्या आत हाताशी आली. मुलांनी ती मोठ्या डौलाने उपटली, जुड्या बांधल्या, त्यांचे फोटो काढले गेले, आणि त्या दिवशी पोषण आहाराच्या खिचडीत ती मेथी पडली. मी पंगतीत वाढायला उभा होतो. पाहतो तो काय, ज्यांनी महिनाभर त्या वाफ्याला पाणी घातले, तीच मुले एकेक हिरवे पान बोटाने वेचून ताटाच्या कडेला लावीत होती. एकाला विचारले तर तो म्हणाला, "पाला खायला मी काय शेळी हाये का, सर?"

पंगत हसली. मीही हसलो, पण मनातून खट्टू झालो. मूल जे पेरते ते आवडीने खाते, असे मी अनेक ठिकाणी वाचले होते आणि त्यावर माझा विश्वास बसला होता. आता कळले की पेरणे आणि खाणे ह्यांच्यामध्ये कुठेतरी वाट तुटलेली आहे. ती कुठे तुटते, आणि आपल्या आधी कोणी ती जोडली होती काय, हे पाहण्यासाठी मी जुने वाचू लागलो. त्यातून जे हाती आले ते इथे मांडतो.

शाळेत बाग असावी ही कल्पना नवी नव्हे. जर्मनीत फ्रोबेलने १८४० साली आपल्या बालशाळेला जे नाव दिले, त्याचा अर्थच मुळी 'मुलांची बाग'. तो केवळ अलंकार नव्हता. त्याच्या शाळेत मुलांना खरोखरच लहान लहान वाफे दिलेले असत. आपल्याकडे हा विचार मांडला तो महात्मा फुल्यांनी. ज्या घराण्याचा धंदाच फुलांचा आणि बागाइतीचा, त्या घरातल्या माणसाने १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना खेड्यांतील प्राथमिक शाळांत शेतीचे प्राथमिक ज्ञान द्यावे अशी मागणी केली. पण फुल्यांची दृष्टी शेतापाशी थांबणारी नव्हती. १८६८ साली त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता, आणि १८७७च्या दुष्काळात धनकवडीला उपाशी मुलांसाठी अन्नछत्र चालवले होते. पाणी, शेत आणि ताट ही तीन त्यांच्या लेखी वेगवेगळी प्रकरणे नव्हती. सरकारने मात्र त्यांतले शेत तेवढे धड्यात घेतले, आणि तेही फार उशिरा.

फुल्यांच्या मागून ही वाट खऱ्या अर्थाने चालून दाखवली ती कर्मवीर भाऊराव पाटलांनी. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१पासून निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी केली, ती प्रत्येक जातीसाठी स्वतंत्र होती. त्या काळात तेवढेही मोठे होते. भाऊराव विद्यार्थी असताना कोल्हापुरात जैन वसतिगृहात राहत. अस्पृश्य मुलांसाठी काढलेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला जाऊन आल्यावर त्यांनी आंघोळ करायचे नाकारले, आणि त्यापायी त्यांना आपले वसतिगृह सोडावे लागले. पुढे १९१९ साली काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्याला वसतिगृह काढले. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचे नाव मिळाले. ह्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत. मुलांनी जमीन कसायची, लाकडे फोडायची, पाळीपाळीने स्वयंपाक करायचा आणि एका पंगतीत बसून जेवायचे. धान्य संपले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. ही गोष्ट आपण शाळेत सद्गदित होऊन सांगतो. पण त्या चुलीपाशी कोण कोणाशेजारी बसून भाकरी थापत होते, ते सांगायचे बहुधा विसरतो. आणि खरा पराक्रम तर तिथे होता.

त्यानंतर दहा वर्षांनी, २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी, वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. अध्यक्ष स्वतः गांधीजी. परिषदेने नेमलेल्या समितीचे प्रमुख डॉ. झाकिर हुसेन. हाताच्या उद्योगातून सारे शिक्षण द्यावे, ही त्या योजनेची मध्यवर्ती कल्पना. उद्योगांच्या यादीत सूतकताई-विणकाम, सुतारकाम, चामड्याचे काम, शेती ह्यांबरोबर फळे व भाजीपाल्याची लागवडही होती. मात्र ह्याच योजनेत वरच्या वर्गांतील मुलींना उद्योगाऐवजी गृहशास्त्राची वाट मोकळी ठेवलेली होती. हे मी वाचले आणि क्षणभर थबकलो. म्हणजे मुलगे वाफ्यात आणि मुली चुलीशी, ही आपल्या घरातली जुनी वाटणी इतक्या मोठ्या विचारातही हळूच येऊन बसली होती!

सुदैवाने सेवाग्रामात प्रत्यक्ष जे घडले ते कागदापेक्षा पुढचे होते. आर्यनायकम आणि आशादेवी ह्या दांपत्याने तिथे जी शाळा चालवली, तिच्यात स्वयंपाकघर हाच एक वर्ग होता. मुले-मुली मिळून भाजी पिकवीत, निवडीत, शिजवीत, वाढीत आणि भांडी घाशीत. किती माणसांना किती धान्य, तेल किती, खर्च किती, शरीराला काय लागते, हा सगळा हिशेब त्यांच्याच वहीत असे. अंकगणित आणि आरोग्यशास्त्र ह्यांची पुस्तके त्या वहीतून जन्म घेत. सेवाग्रामच्या त्याच आवारात २००५ साली आनंद निकेतन ही शाळा पुन्हा सुरू झाली, आणि तिथे शेती व स्वयंपाक आजही अभ्यासाचाच भाग आहेत.

तिसरे नाव कोसबाडचे. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले, अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारली मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा त्यांच्या अंगणात न्यावी, गुरे चारणाऱ्यांसाठी कुरणात न्यावी, असा त्यांचा खाक्या. मुलाला आधी न्हाऊ घालायचे, काही खाऊ घालायचे आणि मग शिकवायचे. शिकवण्याची साधने म्हणजे पाने, बिया, शंख, खडे. जे मुलाच्या भोवती आहे तेच. मुलाच्या घरी जे खातात, उगवतात, वेचतात, ते शाळेत आणायला लाजायचे नाही, हा धडा मला कोसबाडकडून मिळाला.

आता कोणी विचारील, हे सारे सातारा, वर्धा आणि ठाण्याकडचे. तुमच्या मराठवाड्यात काय होते? आमच्याकडे १९४८च्या सप्टेंबरपर्यंत निजामाचे राज्य होते. शाळा थोड्या, आणि वरच्या शिक्षणाचे माध्यम उर्दू. मुलूख मुक्त झाला, १९५६ साली मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात, आणि जालना हा वेगळा जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजी. आमच्यापर्यंत शाळा पोचल्या, तोवर वर्ध्याच्या मूलोद्योगाचा जोर ओसरला होता. कोठारी आयोगाने १९६६ साली 'कार्यानुभव' हा शब्द पुढे आणला, आणि तो आमच्या वेळापत्रकात एक तासिका होऊन बसला.

ती तासिका मी स्वतः भोगलेली आहे. मी ज्या शाळेत शिकलो तिचे नाव सांगत नाही. तिथेही बाग होती. आम्ही विहिरीवरून घागरी भरभरून वांग्यांना पाणी घालीत होतो. वांगी धरली की एक मुलगा पिशवी घेऊन यायचा आणि ती गुरुजींच्या घरी जायची. आम्हाला दहापैकी आठ गुण मिळत. वांग्याची चव काय होती, ते आमच्यातल्या एकालाही ठाऊक नाही. त्या गुरुजींवर माझा आज राग नाही; पण शाळेतली बाग म्हणजे दुसऱ्याच्या ताटासाठी राबणे, ही समजूत आमच्या पिढीच्या मनात तेव्हाच रुजली.

आमच्या जिल्ह्याची आणखी एक मौज सांगतो. जालना हे बियाण्याचे गाव. बद्रीनारायण बारवाले ह्यांनी दिल्लीहून 'पुसा सावनी' नावाच्या भेंडीचे बी आणले. भेंडीची पाने पिवळी पाडणाऱ्या रोगापुढे टिकणारी ती जात. तिच्या यशातून धीर घेऊन त्यांनी १९६४ साली जालन्यात महिको ही बियाण्यांची कंपनी काढली, आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. म्हणजे देशातल्या कितीतरी परसांत उगवलेल्या भाजीचे बी मूळ आमच्या गावचे. आणि त्याच जिल्ह्यातले पोर मेथीचे पान ताटाच्या कडेला लावते!

ह्याचे एक कारण शेतातच आहे. पूर्वी ज्वारी-करडईच्या रानात निंदायला गेलेली बाई येताना ओटीत भाजी घेऊन येई: तांदुळजा, घोळ, पाथरी, पावसाळ्यात कोवळा तरोटा आणि कुर्डू. आंबाडीच्या दोन ओळी कडेने असतच. करडईची कोवळी पाने हिवाळ्यात हटकून शिजत. कापूस आणि सोयाबीन आले, पाठोपाठ तणनाशक आले, आणि जे तण म्हणून मेले त्यात भाजीही मेली. दुसरे कारण मनातले आहे. १९७२च्या दुष्काळात आमच्या आईबापांनी खडी फोडली, सुकडी आणि लाल मिलो खाल्ला, आणि रानात जो पाला मिळेल तो उकडून पोट भरले. त्या पिढीच्या लेखी रानची भाजी म्हणजे अडचणीच्या दिवसांची खूण. माझी आई पाहुण्यांपुढे तरोट्याची भाजी कधी वाढीत नसे. "लोकं म्हनतील, ह्यांच्याकडं काई नाई," असे म्हणे. 'पाला खायला शेळी हाये का' हा प्रश्न त्या पोराने एकट्याने विचारलेला नव्हता. त्यात पन्नास वर्षांची लाज बोलत होती.

शाळेत ताट आले ते अलीकडे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशभर योजना सुरू झाली, तेव्हा हजेरी भरणाऱ्या मुलाला महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळत. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००१मध्ये शिजवलेले जेवण द्या असा आदेश दिला, आणि मग शाळांतून चुली पेटल्या. पहिली ते पाचवीच्या मुलाला दर दिवशी ५० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला ७५ ग्रॅम भाजी मिळावी, असे त्याचे प्रमाण ठरलेले आहे. कागदावर वाफा आहे, कागदावर ताटही आहे. मधली चूल मात्र मुलांच्या हातची नाही. ती पगारी बाईची आहे. मुलांच्या पोटासाठी तशी असणे योग्यच. पण भाऊरावांच्या आणि सेवाग्रामच्या शाळांत मुलांनी जी वाट ओलांडली, ती नेमकी चुलीवरून जात होती. माझ्या मेथीची गोष्ट तिथेच अडली होती.

हे ध्यानात आल्यावर मी मुख्याध्यापकांकडे एक शनिवार मागून घेतला. सकाळची शाळा सुटल्यावर सहावी-सातवीची मुले थांबवली. नियम एवढाच: ज्याचा वाफा, त्याने निवडायचे, चिरायचे आणि फोडणी द्यायची, आणि आपण खाण्याआधी दुसऱ्याच्या ताटात वाढायचे. पोषण आहार शिजवणाऱ्या काकू देखरेखीला बसल्या. तीन विटांची चूल मांडली. भाकरी मुलांनी घरून आणल्या होत्या.

मुलगे लांब उभे राहिले. "सर, ही बायांची कामं हायेत." मी काही व्याख्यान दिले नाही. विळी पुढे ओढली आणि मेथी चिरायला बसलो. पहिल्याच मुठीला बोट कापून घेतले. काकू हसल्या, मुली हसल्या, आणि माझी फजिती पाहून दोन मुलगे "सरका सर, तुम्हाला नाई जमत" म्हणत पुढे आले. मुगाची डाळ पेरून मेथी केली. लसूण जरा करपला. पण वाढणारा जेव्हा समोर उभा राहून "कशी झाली?" असे विचारतो, तेव्हा पान वेचून कडेला लावायला धीर लागतो. सगळ्यांनी खाल्ली. शेळीचा प्रश्न विचारणाऱ्याने दुसऱ्यांदा मागितली.

इतके सांगून थांबलो असतो, तर हा लेख सुखाचा झाला असता. सोमवारी एक आई शाळेत आल्या. त्या दिवशी चूल एका मुलीच्या हाती होती. ती कोणत्या वस्तीतली ते त्या बाईंना ठाऊक होते. "आमचं पोरगं बागंत काम करंल," त्या मला म्हणाल्या, "पर खायचं म्हनलं तर त्याला घरचा डबा देत जाईन." आवाज चढलेला नव्हता. त्या हे अगदी सहज, ऊन फार आहे असे सांगावे तसे सांगत होत्या. मला उत्तर सुचले नाही. वरिष्ठांपैकी एकाने सल्ला दिला की बाग राहू द्या, बागेचे फोटो वर जातात. चुलीचे प्रकरण कशाला वाढवता?

त्या रात्री मला १९२४ साल आठवले. शंभर वर्षे होत आली होती. बागेत कोणीही कोणाशेजारी बसून खुरपू शकतो. मातीला विटाळ होत नाही, असे आपल्या समाजाने कधीच सोईस्करपणे ठरवून टाकले आहे. विटाळ सुरू होतो तो शिजवलेल्या अन्नापाशी. म्हणूनच शाळेतली बाग सरकारलाही आवडते, गावालाही आवडते, आणि चूल कोणालाच नको असते. मुलांना स्वतः पिकवलेली भाजी खायला लावायची, हा प्रश्न वरून आहारशास्त्राचा दिसतो. आमच्याकडे तरी तो पंगतीचा प्रश्न आहे.

मी शनिवार बंद केला नाही. फक्त चुलीची पाळी चिठ्ठ्या टाकून काढू लागलो, म्हणजे कोणाचेच नाव आधी ठरलेले राहू नये. डब्याचा मुलगा तीन शनिवार डबा घेऊन आला, आणि पंगतीच्या टोकाला बसून तो खाऊन गेला. त्याला कोणी चिडवू नये एवढे मी पाहिले. चौथ्या शनिवारी कुंपणावरचे दोडके काढले. ते त्याच्या वाफ्याचे. चिठ्ठी निघाली ती मात्र त्याच मुलीची. त्याने दोडके चिरून दिले, तिने फोडणी दिली. वाढायला तो उठला. नियमच होता तसा. सर्वांत शेवटी, बसण्याआधी, त्याने थोडा दोडका आपल्या भाकरीवर घेतला. डबाही उघडला, आणि दोन्ही खाल्ले. घरी जाऊन त्याने हे सांगितले की नाही, ते मी विचारले नाही. अजूनही विचारलेले नाही.

आता आमच्या शाळेत ताटाच्या कडेला मेथी दिसत नाही, असे मी म्हणणार नाही. दिसते. चुका तर अजून निम्म्या मुलांना चालत नाही. पावसाने ओढ दिली की वाफे सुकतात, आणि मग शनिवारी नुसत्या शेवग्याच्या पानांवर भागवावे लागते. वहीत हिशेब ठेवण्याचे काम मुलांनी घेतले आहे: काय निघाले, किती शिजले, कोणी शिजवले, किती उरले. त्या वहीतला तिसरा रकाना मी पुन्हा पुन्हा वाचतो.

परवा काकूंनी एक दोडका काढू दिला नाही. "ह्यो बियाला ऱ्हाऊ द्या," म्हणाल्या. तो कुंपणावर वाळतो आहे. हलवला की आत बिया वाजतात. पुढच्या पावसाळ्यात त्या पेरायच्या आहेत, आणि पेरणाऱ्यांची नावे अजून घातलेली नाहीत.